म्हातारपण : निसर्गाचे आणि लादलेले

सिद्धार्थ गौतमाने घर का सोडले याची एक कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. राजपुत्र रथातून बाहेर पडतो. वाटेत त्याला एक म्हातारा दिसतो, एक रोगी दिसतो, एक प्रेत दिसते. आणि त्याचे मन संसारावरून उडते. बाबासाहेबांनी ही कथा स्वीकारली नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकातच त्यांनी विचारले आहे की, जरा, व्याधी आणि मृत्यू या रोज घडणाऱ्या गोष्टी २९ वर्षांच्या माणसाने त्याआधी पाहिल्याच नव्हत्या, हे बुद्धीला पटते काय? गृहत्यागाचे कारण त्यांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात शोधले. परंपरेला जेथे केवळ निसर्गाचे अटळ दुःख दिसले, तेथे बाबासाहेबांनी माणसामाणसांतील व्यवहार पाहिला. जरा आणि व्याधी यांच्याकडे पाहताना हीच दृष्टी मला आवश्यक वाटते.

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. गेल्या वर्षी पेशीचा पाठ संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. म्हणाला, ‘सर, माझा बाप ४८ वर्षांचा आहे. तुम्ही ५५ चे. दोघांना शेजारी उभे केले तर लोक त्यालाच म्हातारा म्हणतील. हे पेशीत कुठे लिहिलेले असते?’ त्याचा बाप हंगामात पाठीवर पंप घेऊन फवारणी करतो आणि उरलेले दिवस मिळेल ते ओझे उचलतो. घरी आजी म्हणते, ‘नशिबाचे भोग.’ त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेखात ते उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

उत्तराचा गाभा असा : एक म्हातारपण सर्वांना येते, ते निसर्गाचे. दुसरे काहींच्यावर वेळेआधी लादले जाते, ते व्यवस्थेचे. शरीराच्या आत गेल्यावर ही दोन्ही ज्या काही ठिकाणी येऊन पोचतात, त्यांतले एक प्रमुख ठिकाण म्हणजे पेशीतील तंतुकणिका. मायटोकाँड्रिया म्हणतात ते हेच.

पेशीतील चूल

आपण खातो ती भाकरी आणि छातीत ओढतो तो प्राणवायू यांची गाठ शेवटी तंतुकणिकेत पडते. कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये तिला नाव दिले. धागा आणि कण या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. आपल्या मराठी नावातही तेच दोन शब्द आहेत. रक्तातील तांबड्या पेशी सोडल्या तर शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात; कोठे शेकडो, कोठे हजारो. हृदय, मेंदू, स्नायू, डोळ्याचा पडदा हे अवयव सर्वांत जास्त ऊर्जा खातात. चूल मंदावली की पहिला फटका त्यांनाच बसतो.

ही चूल कशी चालते? इमारतीवर स्लॅब टाकण्याचा दिवस आठवा. खाली माल कालवला जातो आणि घमेली हातोहात वर जातात. रांगेतील प्रत्येकाने मागच्याकडून घ्यायचे आणि पुढच्याला द्यायचे. तंतुकणिकेच्या आतील पटलात अशीच एक रांग आहे. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन म्हणजे घमेली. विकरांचे मोठमोठे समूह म्हणजे रांगेतील माणसे. रांगेत असे चार समूह आहेत. चौथा समूह इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या हवाली करतो आणि त्यातून पाणी तयार होते. आपण श्वास घेतो तो मुख्यतः या शेवटच्या हातासाठी. हा हात आखडला की मागची सगळी रांग जागच्या जागी थांबते.

घमेली पुढे सरकत असताना सुटणाऱ्या ऊर्जेवर हायड्रोजनचे धनभारित कण पटलाच्या एका बाजूला उपसले जातात. धरणात पाणी साठावे तसे ते साठतात, आणि परत येताना पाणचक्कीसारखे एक विकर फिरवतात. त्या फिरण्यातून एटीपी नावाचा रेणू तयार होतो. शरीरातील प्रत्येक कामाची मजुरी याच चलनात चुकती होते. एका वेळी हे चलन शरीरात फार थोडे असते. पण ते इतक्या वेळा मोडले आणि पुन्हा घडवले जाते की दिवसभरातील एकूण उलाढाल माणसाच्या वजनाइतकी भरते. पीटर मिचेल यांनी ही धरणाची कल्पना १९६१ मध्ये मांडली, तेव्हा तिला मोठा विरोध झाला. १९७८ मध्ये तिच्यासाठीच त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. तंतुकणिका मूळची आपली नव्हेच. सुमारे दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी एक स्वतंत्र जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तेथेच राहिला. त्याचे वंशज म्हणजे आजच्या तंतुकणिका. लिन मार्ग्युलिस या अमेरिकन स्त्री-शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये हा विचार नव्याने आणि जोरकसपणे मांडला. त्याआधी तिचा निबंध अनेक नियतकालिकांनी परत पाठवला होता. आज तो पाठ्यपुस्तकात आहे. ज्यांना रक्ताच्या शुद्धतेचा अभिमान वाटतो, त्यांच्याही प्रत्येक श्वासाचा व्यवहार एका परक्या जिवाणूच्या वंशजांच्या हाती आहे. संकर हा जीवनाचा कलंक नसून त्याचा पाया आहे, हे पेशीच सांगते.

आईचा वारसा आणि आईवरचा ठपका

तंतुकणिकेजवळ तिचा स्वतःचा डीएनए आहे. माणसाच्या तंतुकणिकेतील हा डीएनए १९८१ मध्ये केंब्रिज येथे पूर्ण वाचला गेला. त्यात १६,५६९ अक्षरे आणि ३७ जनुके आहेत. केंद्रकातील डीएनए आई आणि बाप दोघांकडून येतो; हा मात्र आईकडून येतो. बापाच्या शुक्राणूतील तंतुकणिका गर्भधारणेनंतर नष्ट केल्या जातात.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटले आहे आणि बीज श्रेष्ठ ठरवले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यातील हा एक महत्त्वाचा खांब होता. स्त्रीचे दुय्यमत्व आणि वर्णाची उतरंड दोन्ही त्याच्यावर उभी होती. ज्या चुलीवर साऱ्या शरीराचे चालते तिचे बियाणे प्रत्येक माणसाला, ब्राह्मणालाही, आईकडूनच मिळते.

पण एवढ्यावर टाळी वाजवून थांबणे धोक्याचे आहे. वारसा आईचा म्हटला की रोगाचा ठपकाही आईवर ठेवायला आपला समाज टपलेलाच असतो. पोर अशक्त निघाले की सुनेला बोल लावणारी घरे आपल्या वस्तीतही आहेत. म्हणून शास्त्र नेमके काय सांगते ते पाहू.

तंतुकणिकेतील बिघाडाने माणूस आजारी पडतो, याची पहिली नोंद १९६२ मध्ये स्वीडनच्या रोल्फ लुफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. १९८८ मध्ये तंतुकणिकेच्या डीएनएतील दोषांमुळे होणारे रोग निश्चित ओळखले गेले. त्यांतील एकात ऐन तारुण्यात, बहुधा पुरुषांची, दोन्ही डोळ्यांची दृष्टी काही आठवड्यांत वा महिन्यांत जाते. परंतु तोच दोष असलेली आई किंवा बहीण पुष्कळदा ठणठणीत असते. अशा अनेक रोगांत एकाच पेशीत निर्दोष आणि सदोष प्रती मिसळलेल्या असतात. सदोष प्रतींचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले तरच रोग उमटतो. कोणत्या बीजांडात किती सदोष प्रती जातील, हे कोणत्याही स्त्रीच्या हातात नसते. शिवाय तंतुकणिकेला हजाराहून अधिक प्रथिने लागतात. तिच्या स्वतःच्या डीएनएत त्यांतील फक्त १३ प्रथिनांची कृती आहे. बाकी सर्व केंद्रकातून, म्हणजे आई-बाप दोघांकडून, येतात. तेव्हा ‘आईचा दोष’ ही भाषा शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. माणुसकीच्या कसोटीवर तर ती कधीच टिकली नव्हती.

वय वाढते तेव्हा

आता म्हातारपणाकडे वळू. डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये म्हटले की, प्राणवायूचा वापर होताना मुक्त मूलके नावाचे तापट कण निर्माण होतात आणि ते पेशीला हळूहळू पोखरतात. १९७२ मध्ये त्यांनी यात तंतुकणिकेला मध्यवर्ती स्थान दिले. रांगेतून एखादे घमेले निसटावे आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर पडावे, तसा हा प्रकार. कल्पना सोपी होती, म्हणून ती फार लोकप्रिय झाली आणि मुक्त मूलके मारणाऱ्या गोळ्यांचा मोठा बाजार उभा राहिला.

२००४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी असा उंदीर तयार केला की, ज्याच्या तंतुकणिकेच्या डीएनएची नक्कल करणारे विकर चुका दुरुस्त करीत नव्हते. हे उंदीर ऐन तारुण्यात म्हातारे झाले. केस गळाले, पाठीला बाक आला, हाडे विरळ झाली, रक्त कमी झाले, हृदय वाढले. एरवी उंदीर दोन वर्षांच्या पुढे जगतो, हे साधारण वर्षभरात मेले. या प्रयोगाने दोन गोष्टी शिकवल्या. तंतुकणिकेतील बिघाड म्हातारपण ओढून आणू शकतो, ही पहिली. दुसरी अशी की, या उंदरांत मुक्त मूलकांची म्हणावी तशी वाढ आढळली नाही. म्हणजे हार्मन यांची मांडणी जशीच्या तशी पुरी पडत नाही. गोळ्यांचेही तसेच झाले. २००७ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा बीटा-कॅरोटीन, अ आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. उलट मृत्यूचे प्रमाण किंचित वाढलेले दिसले. तारुण्य विकणाऱ्यांपासून सावध राहावे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

आज शास्त्रज्ञ म्हातारपणाचे एकच कारण सांगत नाहीत. २०१३ मध्ये त्याची नऊ लक्षणे मांडली गेली, २०२३ मध्ये ती बारा झाली. तंतुकणिकेचा बिघाड त्यांतील एक. वयाबरोबर तिच्या डीएनएत उत्परिवर्तने साचत जातात. मोडक्या कणिका मोडीत काढून नव्या उभारण्याचे पेशीचे कामही मंदावते. पेशीतील या मोडीच्या व्यवस्थेवरील संशोधनासाठी जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. २००३ मध्ये अमेरिकेत निरोगी वृद्ध आणि तरुण यांच्या स्नायूंची तुलना केली, तेव्हा वृद्धांच्या तंतुकणिकांचे काम सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. साखर नीट न वापरली जाणे, म्हणजे मधुमेहाकडे जाणारी वाट, याच्याशी निगडित दिसली. हे झाले निसर्गाचे म्हातारपण.

श्रम आणि व्यायाम

त्या म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांची गोष्ट येथे संपत नाही. २०११ मध्ये त्यांच्यापैकी काहींना पाच महिने नियमित पळवण्यात आले. त्यांच्यातील अकाली म्हातारपण बऱ्याच अंशी रोखले गेले. व्यायामाने पेशीत नव्या तंतुकणिका तयार होतात, हे माणसांतही सिद्ध झालेले आहे.

हे वर्गात सांगितले की आमची पोरे हसतात. त्यांचे म्हणणे रास्त आहे. व्यायामाने माणूस तरुण राहत असेल, तर दिवसभर पोती वाहणारा हमाल आणि ऊस तोडणारी बाई शंभर वर्षे जगायला हवीत!

उत्तर असे की, स्नायू व्यायामाच्या वेळी बळकट होत नाही. तो त्यानंतरच्या विश्रांतीत आणि जेवणात बळकट होतो. व्यायाम करणारा थकला की थांबतो. मजुराला मुकादम थांबू देत नाही. व्यायामानंतर दूध, अंडी, झोप असते; मजुरीनंतर शिळी भाकरी आणि उद्याची पहाट. वाकलेल्या पाठीने, उन्हात, तासन् तास एकाच प्रकारचे ओझे उचलणे म्हणजे व्यायाम नव्हे. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासात जड श्रमाची कामे करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका हलकी कामे करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी अधिक आढळला. यात श्रमाचा वाटा किती आणि गरिबीचा किती, याविषयी वाद आहे. पण आमच्या माणसाला दोन्ही एकदमच मिळतात.

आता लादलेल्या म्हातारपणाचे आणि मरणाचे तीन मार्ग पाहू. तिन्ही त्या घमेल्यांच्या रांगेत कोठे ना कोठे घुसतात.

पहिला मार्ग : ताट

रांग चालायला अन्नातील काही घटक लागतात. नायसिन हे जीवनसत्त्व नसेल तर अन्नातील इलेक्ट्रॉन रांगेपर्यंत नेणारा वाहकच तयार होत नाही. ही उणीव पराकोटीला गेली की पेलाग्रा होतो : उन्हाला उघडी राहणारी कातडी काळवंडते व सोलते, जुलाब लागतात, भ्रम होतो, शेवटी मृत्यू येतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात या रोगाने थैमान घातले. बळी कोण? मक्यावर जगणारे गिरणी कामगार, वाट्याने शेती करणारे कष्टकरी, अनाथालयातील मुले, तुरुंगातील कैदी. आणि त्यांत काळे लोक मोठ्या संख्येने. चार्ल्स डेव्हनपोर्ट या वंशसुधारवाद्याने १९१६ मध्ये लिहिले की या रोगात आनुवंशिक घटक आहे. म्हणजे दोष त्यांच्या रक्तातच. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरने मात्र अनाथालयांतील मुलांना दूध, मांस आणि अंडी दिली, रोग गेला. १९१५ मध्ये मिसिसिपीच्या एका तुरुंगातील निरोगी कैद्यांना, सुटकेच्या बदल्यात त्यांच्या संमतीने, गरिबाचे जेवण दिले, रोग आला. जन्म की जेवण, हा वाद ताटाने मिटवला. या रोगावरचा उतारा नायसिन हाच आहे, हे १९३७ मध्ये कळले.

हा प्रश्न दख्खनलाही परका नव्हता. मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतील पेलाग्राकडे हैदराबादच्या पोषण संस्थेतील डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये लक्ष वेधले. दोष ज्वारीचा किती, हा शास्त्रीय चर्चेचा विषय राहिला; पण ज्याच्या ताटात ज्वारीबरोबर डाळ, दूध, मांस, भाजी होती त्याला हा रोग होत नव्हता, हे उघड आहे.

लोहाचे तेच. लोह केवळ रक्ताला लागते असे आपण समजतो. परंतु रांगेतील चार समूहांपैकी प्रत्येकात लोह आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ‘बाई आळशी झाली’ असे जिच्याविषयी म्हटले जाते, तिच्या पेशीतील रांगेत माणसेच कमी पडलेली असतात.

दुसरा मार्ग : फवारा

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक दगडासारखे ताठरले. बहुधा साठीनंतर होणारा कंपवात त्यांना तरुण वयातच झाला होता. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट मादक पदार्थात एमपीटीपी नावाची भेसळ होती. शरीरात तिच्यापासून बनणारे विष मेंदूच्या विशिष्ट पेशींत शिरून तंतुकणिकेच्या रांगेतील पहिल्या समूहाला अडवते, हे पुढे कळले. रोटेनोन हे काही वनस्पतींच्या मुळांत सापडणारे कीटकनाशक तेच करते. २००० मध्ये उंदरांना ते दीर्घकाळ दिले तेव्हा त्यांच्यात कंपवातासारखी अवस्था निर्माण झाली.

२०११ मध्ये अमेरिकेतील फवारणी करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोटेनोन किंवा पॅराक्वाट वापरलेल्यांत कंपवाताची शक्यता न वापरणाऱ्यांच्या सुमारे अडीचपट होती. पॅराक्वाट हे तणनाशक. ते रांगेतून इलेक्ट्रॉन पळवते आणि मुक्त मूलकांचा भडका उडवते. युरोपीय संघात त्याच्यावर २००७ पासून बंदी आहे. आपल्याकडे ते वापरले जाते.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो रुग्णालयात गेले. फवारणीतील पुष्कळशी औषधे मज्जातंतूंवर घाव घालणारी होती. ती वेगळी वाट. पण ज्या औषधांची नावे तेव्हा पुढे आली त्यांत डायफेनथियुरॉनही होते. हे रसायन तंतुकणिकेतील ती पाणचक्की बंद पाडते. किडीला मारण्यासाठीच ते तसे बनवले आहे. पण पाणचक्की किडीची आणि माणसाची सारख्याच घडणीची. गळका पंप, उघडे हात, तोंडाला जुना रुमाल, आणि डबीवर वाचता न येणारी बारीक अक्षरे : विष माणसापर्यंत पोचवणारी ही सारी साधने निसर्गाने निर्माण केलेली नाहीत.

तिसरा मार्ग : चेंबर

ताटाने म्हातारपण हळूहळू येते, फवाऱ्याने वर्षांत किंवा दिवसांत. चेंबरमध्ये मात्र सारे एका श्वासात संपते.

प्राणवायू नसलेल्या मैल्यात काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार करतात. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. मैला ढवळला की एकदम सुटतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभराच्या आसपास गेला की थोड्याच वेळात नाकच बधिर होते. ‘वास गेला, आता उतर’ असे मुकादम सांगतो, तो क्षण सर्वांत धोक्याचा असू शकतो. हे प्रमाण सातशे ते हजारावर गेले की एक-दोन श्वासांतच माणूस कोसळतो.

का? हा वायू रांगेतील चौथ्या समूहाला, म्हणजे प्राणवायूच्या हाती घमेले देणाऱ्या शेवटच्या माणसाला, जखडून टाकतो. सायनाइड हेच करते. पंचनाम्यात लिहितात, ‘गुदमरून मृत्यू’. चेंबरमध्ये प्राणवायूही पुष्कळदा कमी असतो, त्यामुळे ते अगदीच खोटे नाही. पण हायड्रोजन सल्फाइडने मरणाऱ्याच्या छातीत हवा असते, रक्तात प्राणवायू असतो. पेशीला तो वापरता येत नाही. भरल्या विहिरीच्या काठावर तहानेने मरण्यासारखे हे मरण आहे. आणि पाणी समोर असून पिऊ न देण्याचा अनुभव ज्या समाजाचा, त्याच समाजाची माणसे येथे उतरवली जातात. केंद्र सरकारच्या योजनेत गटारे आणि मैला टाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद झाली, तिचा तपशील २०२४ मध्ये पुढे आला. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक अनुसूचित जातींचे होते.

कार्यकर्त्यांनी काही गोष्टी पाठ कराव्यात. पेटती काडी टाकून पाहिल्याने हा वायू कळत नाही. माणूस मारण्याइतका वायू असला तरी काडी जळतच राहते, आणि मिथेन असेल तर स्फोट होतो. तोंडाला बांधलेला रुमाल वा साधा मास्क निरुपयोगी आहे. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशी एकेका घरची दोन-दोन माणसे गेली आहेत. स्वतंत्र हवेची टाकी आणि दोर यांच्याशिवाय कोणीही उतरू नये. अग्निशमन दलाला बोलवावे. मृत्यू झालाच तर चेंबरमधील वायूची मोजणी ताबडतोब व्हावी आणि ती पंचनाम्यात यावी, हा आग्रह धरावा. झाकण उघडे राहिले की पुरावा हवेत विरून जातो.

कायदा नाही असे नाही. १९९३ चा कायदा झाला. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात वा मैला टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या प्रत्येक गटारमृत्यूस १० लाख रुपये भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती ३० लाख केली. भरपाई वारसांना मिळते. थांबलेली रांग तिने सुरू होत नाही.

हिशेब कोणाकडे मागायचा?

२०२२ मध्ये नऊ राज्यांतील पाहणीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे सरासरी आयुर्मान तीन वर्षांहून अधिक, आदिवासींचे चार वर्षांहून अधिक आणि मुसलमानांचे सुमारे एक वर्षाने कमी आढळले. आर्थिक स्थिती हिशेबात घेतल्यावर या अंतराचा निम्माही उलगडा झाला नाही. म्हणजे केवळ गरिबी म्हणून विषय संपवता येत नाही. ही सारी वर्षे तंतुकणिकेतच हरवली, असे मी म्हणणार नाही. क्षय, बाळंतपण, दवाखान्याचे अंतर, अपमान, असे अनेक दरवाजे आहेत. माझे म्हणणे एवढेच की, समाजातील विषमता शरीरात कशी उतरते, या प्रश्नाची एक वाट आता शास्त्राने पायरीपायरीने दाखवून दिली आहे. ताटातून, फवाऱ्यातून आणि चेंबरमधून ती थेट पेशीच्या चुलीपर्यंत जाते. त्या वाटेवर पूर्वजन्म कोठेच लागत नाही.

ज्या ग्रंथाचा मी प्रारंभी उल्लेख केला, त्यातच बाबासाहेबांनी पूर्वकर्माच्या सिद्धान्ताची झडती घेतली आहे. गरिबांच्या आणि दलितांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाने आणि राज्याने टाळावी, एवढाच त्या सिद्धान्ताचा उपयोग त्यांना दिसला. ‘नशिबाचे भोग’ म्हणणारी ती आजी स्वतःच्या मुलाचे म्हातारपण पाहून कळवळते आहे, पण तिच्या तोंडी भाषा तिच्या शत्रूने घातली आहे. शिक्षक म्हणून ती भाषा बदलणे हे माझे काम आहे.

म्हणून त्या विद्यार्थ्याला आता मी असे सांगेन : तुझ्या बापाला म्हातारपण येणारच होते, ते मलाही आले आहे. पण तुझ्या प्रश्नातील ती आगाऊ वर्षे त्याच्या पेशीत जन्मतः लिहिलेली नव्हती. ती नंतर लिहिली गेली; कमी मजुरीने, अपुऱ्या ताटाने, पाठीवरच्या गळक्या पंपाने. जे नंतर लिहिले गेले ते पुसता येते; निदान पुढच्या पिढीच्या पेशीत ते लिहू द्यायचे नाही, एवढे तरी आपल्या हाती आहे. पंप कोणाचा होता, मजुरी कोणी ठरवली, चेंबरचे झाकण कोणाच्या हुकमाने उघडले, हे विचारायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. पण विचारणाऱ्याच्या हाती जीवशास्त्र असेल तर ‘तुमच्या रक्तातच तसे आहे’ असे म्हणून त्याला कोणी परत पाठवू शकणार नाही.